काठावर टॉवेल घेऊन बसणाऱ्या ताईंना

या आठवड्यात आलेलं पत्र, थोडं कमी करून:

"ताई नमस्कार. वय ४४, माहेर वाईकडचं, लग्नानंतर पुण्यात. माझी लेक तेरा वर्षांची. तिला रोज संध्याकाळी पोहायला घेऊन जाते आणि ४५ मिनिटं काठावरच्या बाकड्यावर तिचा टॉवेल मांडीवर घेऊन बसते. मला पोहता येत नाही. आमच्या मळ्यात विहीर होती, दोन्ही भाऊ पाठीला भोपळा बांधून आठ दिवसात शिकले, मला मात्र काकूने कधी काठावर पण थांबू दिलं नाही. नंतर एकदा घाटावर धुणं धुताना पाय सटकला आणि गळ्यापर्यंत आत गेले, मावशीने वेणी धरून ओढलं म्हणून वाचले. तेव्हापासून पाणी दिसलं की छातीत गच्च होतं. तरी शिकावंसं वाटतं. हे म्हणतात आता काय ऑलिम्पिकला जायचंय का. लेक म्हणते आई प्लीज माझ्या बॅचला नको येऊस. कॉस्च्यूमची लाज वाटते ते वेगळंच. स्कूटी पण अशीच राहिली, पेटी राहिली, इंग्रजी बोलणं राहिलं, यादी वाढतच चाललीय. आता या वयात काय, म्हणून सोडून द्यावं का? – काठावरची"

ताई, आधी उत्तर देते मग बाकीचं बोलू. सोडून द्यायचं नाही. याच वर्षी शिकायचं, आणि यादीतलं सगळं एकदम नाही, फक्त पोहणं.

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते कारण त्या बाकड्यावर मी पण बसलेय. माझा मुलगा सात वर्षांचा असताना त्याची चप्पल, चष्मा, टॉवेल सगळं सांभाळत आणि मनातल्या मनात त्याच्याबरोबर हात मारत. मी पोहायला शिकले ४१व्या वर्षी. त्याआधी ३८व्या वर्षी एकदा गेले होते आणि पाच दिवसात सोडून दिलं होतं. का सोडलं ते पुढे सांगते, कारण तुमच्या बाबतीत तसं होऊ नये असं मला फार वाटतं.

पण आधी ती स्कूटी. कशी राहिली ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण अशी पत्रं मला इतकी येतात की अंदाज बांधता येतो. तीन-चार दिवस मैदानात शिकवणं होतं, एकदा गाडी आडवी होते, गुडघा खरचटतो, आणि घरातलं कोणीतरी अगदी मायेने म्हणतं, राहू दे गं, मी सोडतो ना. आणि खरंच सोडतात हो, वर्षानुवर्षं सोडतात, ऊन-पाऊस बघत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर रागावता पण येत नाही. पण बाईची शिकायची गरजच त्या वाक्यात संपते. माझं अगदी स्पष्ट मत आहे की आपल्याकडे बायकांचं शिकणं धाकाने जितकं अडलं नसेल तितकं या काळजीने अडलंय. काकूने तुम्हाला विहिरीपाशी थांबू दिलं नाही ती पण काळजीच, पोरीला काही झालं तर दिराला काय तोंड दाखवू, हेच तिच्या मनात असणार. फक्त ती काळजी तुमच्या भावांच्या वाट्याला भोपळा होऊन आली आणि तुमच्या वाट्याला 'लांब हो' होऊन आली.

त्या भोपळ्याबद्दल जरा बोलायचंय मला. तुम्ही लिहिता भाऊ आठ दिवसात शिकले, जसं काही त्यांच्या अंगातच होतं. पण त्यांना काय काय मिळालं ते बघा ना. वाळवलेला पोकळ भोपळा पाठीला घट्ट बांधलेला (काही गावांत पांगाऱ्याचं लाकूड बांधायचे, ते वजनाला एकदम हलकं, मग पत्र्याचे डबे आले, आता प्लास्टिकचे कॅन). म्हणजे पोरगा मनात आणलं तरी पूर्ण खाली जाणार नाही. पाण्यात आधीच काका नाहीतर मोठा चुलतभाऊ. वर कठड्यावर दहा पोरं ओरडतायत आणि पुढे अख्खी उन्हाळ्याची सुट्टी पडलेली. पाणी प्यायला, खोकला, रडला, तरी कोणी म्हणत नाही की तुला जमणार नाही रे बाबा, कारण सगळ्यांनाच माहितीये की पहिले काही दिवस असंच होतं. तुम्हाला यातलं काहीच मिळालं नाही. तुम्ही एकदाच पाण्यात गेलात, ते पण पाय सटकून, साडीत, कसलाही आधार नसताना. मग तुमच्या मनाने पाण्याबद्दल जे ठरवलं ते चुकीचं कसं म्हणायचं? जे बघितलं त्यावरून बरोबरच ठरवलं.

तुमच्या माहेरच्या सातारा जिल्ह्यात लिंब गावात ती बारा मोटेची विहीर आहे ना, विरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली, आत महाल असलेली. ती बघायला गेले होते तेव्हा कठड्यावरून खाली बघताना माझ्या मनात हेच आलं की एवढी मोठी विहीर बांधून घेणारी एक बाई, आणि तीनशे वर्षांनी सुद्धा आपल्या लेकींना आपण सांगतो की विहिरीत वाकून बघू नकोस. असो. विषय लांबतोय.

आता खरा मुद्दा. घाटावरचा तो दिवस नीट आठवून बघा, जमत असेल तरच, त्रास होत असेल तर राहू द्या. त्यातला सगळ्यात वाईट क्षण कोणता होता? मला वाटतं नाकातोंडात पाणी गेलं तो नसावा, पाय खाली टेकवायला गेलात आणि खाली काहीच लागलं नाही, तो असावा. मोठेपणी पोहायला आलेल्या जेवढ्या बायका मी बघितल्या त्यांच्यात ही एकच भीती दिसली, की मी एकदा आडवी झाले तर मला परत उभं राहता येणार नाही. सगळे म्हणतात पाण्याची भीती, पण कडेला दांडा धरून तासभर पाण्यात उभं राहायला यातल्या कोणाचीच ना नसते. पाय सुटायची भीती असते.

आणि नेमकं उभं कसं राहायचं हेच बहुतेक ठिकाणी शिकवत नाहीत! पहिल्या दिवशी दांडा धरून पाय मारा, दुसऱ्या दिवशी फ्लोट धरून पाय मारा, चौथ्या दिवशी हात. आडवं झालेल्या माणसाने परत पायावर कसं यायचं हे शिकवणाऱ्याला इतकं सवयीचं झालेलं असतं की ते शिकवायची गोष्ट आहे हेच त्यांच्या लक्षात येत नाही. मग होतं काय, बाई घाबरते, घाबरली की पहिल्यांदा डोकं वर काढते, डोकं वर काढलं की पाठीची कमान होते आणि पाय मागच्या मागे लटकत राहतात, खाली येतच नाहीत. चार फूट पाण्यात, जिथे आरामात उभं राहता येतं तिथे माणूस गटांगळ्या खातो तो असा. आणि बाहेर येऊन म्हणतो मला पोहणं जमणार नाही.

माझं ३८व्या वर्षी हेच झालं, फक्त जास्त वाईट प्रकारे. एका तलावावर लेडीज बॅचला नाव घातलं होतं. पाचव्या दिवशी तिथले सर म्हणाले किती दिवस कडेला चिकटून राहणार मॅडम, आणि खोल बाजूला उभी असताना मागून ढकललं. बांबू पुढे केला त्यांनी लगेच, सगळा मामला पाच-सात सेकंदांचा असेल. मी वर आले, कपडे बदलले, घरी आले, मुलाला वरणभात दिला आणि नंतर तीन वर्षं पाण्याकडे गेले नाही. त्या तीन वर्षांत मी सगळ्यांना सांगायचे की मला पाण्याची भीती आहे, माझ्या प्रकृतीलाच ते नाही. ढकललं म्हणून सोडलं असं एकदाही सांगितलं नाही, नवऱ्याला सुद्धा नाही, कारण सगळ्यांनी तेच म्हटलं असतं, अगं तसंच शिकवतात. 'विहिरीत ढकलून दिलं आणि आलं पोहायला' हे आपल्याकडे अजून कौतुकाने सांगतात. ज्याला आलं तो सांगतो ताई. ज्याला नाही आलं तो गप्प बसतो आणि आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजून चालतो. माझी पूर्ण विनंती आहे की तुमच्या बाबतीत असं काही होतंय असं वाटलं तर त्याच दिवशी त्या क्लासमधून बाहेर पडा, पैसे गेले तरी चालतील, पण पोहणं सोडू नका, दुसरी जागा शोधा.

४१व्या वर्षी मी ज्यांच्याकडे शिकले त्या बाई पन्नाशीच्या होत्या आणि त्या स्वतः आमच्याबरोबर पाण्यात उभ्या राहायच्या. पहिले तीन दिवस त्यांनी पोहण्यातलं म्हणावं असं काहीच शिकवलं नाही.

पहिल्या दिवशी फक्त श्वास. छातीएवढं पाणी, दोन्ही हातांनी कडेचा दांडा धरलेला. तोंडाने श्वास घ्यायचा, ओठ मिटायचे, चेहरा पाण्यात घालायचा आणि नाकाने हळूहळू सोडायचा. ऐकायला एवढंसं वाटतं. माझा चेहरा कानापर्यंत पाण्यात जायला वीस मिनिटं लागली, आधी हनुवटी, मग ओठ, मग नाक टेकलं की मी परत वर. बाई म्हणाल्या तू श्वास धरून ठेवतेयस म्हणून गुदमरतेस. आणि ते खरंच आहे, जीव घुसमटतो तो बहुतेक वेळा हवा संपली म्हणून नाही, श्वास रोखल्यावर आत कार्बन डायऑक्साइड साठायला लागतो म्हणून. सोडत राहिलं की तेवढं होत नाही, शिवाय नाकातून हवा बाहेर येत असेल तर पाणी आत कसं शिरणार. त्यांनी एक युक्ती सांगितली, पाण्यात तोंड मिटून 'हूं' म्हणा, पाळण्यातल्या बाळाला झोपवताना म्हणतो तसं लांब हूंऽऽ. ओठ मिटून हूं म्हटलं की हवा नाकातून आपोआप बाहेर येते, वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही. आम्ही सात बायका ओळीने दांडा धरून पाण्यात हूं करत होतो आणि कानात तो आवाज घुमत होता, माझ्या आयुष्यातला तो एक फार चांगला अर्धा तास आहे.

दुसऱ्या दिवशी उभं राहणं. दांडा धरून आडवं व्हायचं, चेहरा पाण्यातच, मग गुडघे पोटाशी ओढून घ्यायचे, हातांनी पाणी खाली दाबायचं, पाय तळाला टेकले की मग डोकं वर. डोकं सगळ्यात शेवटी, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की अजून झोपेत विचारलंत तरी सांगेन. गुडघे पोटाशी आले की शरीर गोळा होऊन आपोआप उभं फिरतं, जोर लागत नाही. तीस-चाळीस वेळा केलं असेल मी त्या दिवशी. मग त्या म्हणाल्या आता दांडा सोडून कर, मी इथेच आहे. दांडा सोडला, गुडघे ओढले, हात दाबले, आणि पायाच्या चवड्यांना तळाची खरखरीत टाइल लागली. डोकं अजून पाण्यातच होतं. मी ते लगेच वर काढलं नाही. तसंच पाण्यात राहून ती टाइल बघितली, निळी, एका कोपऱ्याला टवका गेलेली, आणि माझे स्वतःचे पाय तिच्यावर टेकलेले. माझी भीती गेली ती त्या टाइलपाशी. पोहता यायला त्यानंतर दोन महिने लागले, पण भीती त्या दिवशी गेली.

तिसऱ्या दिवशी तरंगणं, आणि ते मग फारसं शिकवावं लागलंच नाही. छातीत हवा भरलेली असेल तर बहुतेक माणसांचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, तरंगतंच. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, ते पाण्यात ठेवलं तर पाणी त्याचा भार घेतं, बाहेर काढलं की तो भार आपल्यावर येतो आणि पाय बुडायला लागतात. आणखी एक सांगते, चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, त्यामुळे आपल्यासारख्या चाळिशीतल्या, दोन बाळंतपणं झालेल्या, कंबरेत भरलेल्या बाईला तरंगणं एखाद्या काटकुळ्या पोरापेक्षा सोपं जातं. कॉस्च्यूममध्ये ज्या मांड्यांची तुम्हाला लाज वाटतेय ना, त्याच तुम्हाला वर धरून ठेवणार आहेत.

म्हणून माझा तुम्हाला सल्ला असा की शिकायला जाल तेव्हा पुढे कसं जायचं हे नंतर, परत पायावर कसं यायचं हे आधी. आणि हे मी तुमच्या यादीतल्या बाकीच्या गोष्टींसाठी पण सांगेन. स्कूटीवर आधी ब्रेक दाबून पाय टेकवायला शिका, गाडी बंद ठेवून उतारावर, पन्नास वेळा, मग अॅक्सिलरेटर. इंग्रजीत आधी 'परत सांगता का, समजलं नाही' हे एक वाक्य न अडखळता म्हणायला शिका, ते जमलं की समोरच्याचं सगळं समजलंच पाहिजे हा धाक जातो आणि मग बोलणं सुचायला लागतं. पेटीला मात्र हे लागू नाही, तिथे पडायची भीती नसते, तिथे अडतं ते रोज अर्धा तास स्वतःसाठी बसण्यावर, आणि शेजारी काय म्हणतील यावर. पण पेटीचं पुढच्या वर्षी बघू, आत्ता यादी बाजूला ठेवा. मला नक्की वाटतं की एवढी मोठी यादी आपण जपतो त्याचं एक कारण हे पण असतं की यादी असली की एकाही गोष्टीला उद्यापासून जायला लागत नाही.

आता तुमच्या अडचणी.

कॉस्च्यूम. गुडघ्यापर्यंत किंवा घोट्यापर्यंत लेगिंग आणि कोपरापर्यंत बाह्या असलेले कॉस्च्यूम सगळीकडे मिळतात आणि लेडीज बॅचला निम्म्या बायका तेच घालतात. फक्त नायलॉन किंवा पॉलिस्टरचंच घ्या, सुती टी-शर्ट आणि लेगिंग घालून जायचा मोह होतो पण सुती कापड पाणी पिऊन जड होतं, शिकताना ओढल्यासारखं होतं आणि त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात म्हणून तलाववाले पण चालू देत नाहीत. टोपी लागतेच. टोपी घालायच्या आधी केस साध्या पाण्याने ओले करा, आधीच ओले असलेले केस क्लोरीनचं पाणी कमी पितात. पाळीच्या दिवसांत जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, कप किंवा टॅम्पॉन वापरून काही जणी येतात, मी सुट्टी घ्यायचे, तेवढ्याने काही विसरायला होत नाही. लाजेबद्दल मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, पहिल्या दिवशी चेंजिंग रूममधून काठापर्यंतची पंधरा पावलं फार लांब वाटतात. टॉवेल गुंडाळून जा, काठावर बसा, पाय आत सोडा, मग टॉवेल काढा. पाण्यात उतरलं की फक्त टोप्या दिसतात.

लेक. तिच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नका. तेराव्या वर्षी आई शाळेच्या गेटवर आलेली पण नको असते. तिच्या बॅचला जाऊच नका, दुपारची किंवा सकाळची लेडीज बॅच बघा, आणि मुख्य म्हणजे तिच्याकडून शिकू नका. नवऱ्याकडून पण नको आणि भावाकडून पण नको. घरच्या माणसाला तुमची भीती बघवत नाही, मग एक तर तो ओरडतो नाहीतर लगेच हात देतो, दोन्हीने शिकणं होत नाही. तिला सांगायचंच असेल तर महिन्याभराने सांगा.

आता 'ऑलिम्पिकला जायचंय का'. साताऱ्याच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, इस्लामपूरकडचे, सैन्यात बॉक्सिंग करायचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कायमचं अपंगत्व आलं. पाण्यात उतरले ते उपचार म्हणून, शरीर परत हलायला लागावं म्हणून. १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक मिळालं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पदक हे नंतर झालं, आधी बरं व्हायचं होतं. तुमचं पण आधी बरं व्हायचंय ताई, त्या घाटावरच्या दिवसातून. मिस्टरांना एवढंच सांगा की मला पदक नकोय, पाय सटकला तर परत वर यायला हवंय. ते काही वाईट मनाने बोलत नसणार पण त्यांना घाटावरचं नीट माहिती आहे का? नसेल तर एकदा शांतपणे सांगा, पत्रात लिहिलंय तसं, वेणी धरून ओढल्याचं सुद्धा.

कारण हा हौसेचा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ३ लाख माणसं बुडून जातात, आणि आपल्या देशातच सरकारी नोंदीप्रमाणे वर्षाला ३० हजारांहून जास्त. धुणं धुताना, पाणी भरताना, गुरं धुताना, सहलीला गेल्यावर. म्हणून हे पण सांगून ठेवते की तलावात २५ मीटर यायला लागलं म्हणजे कृष्णेत उतरायचं असं नाही, वाहत्या पाण्याचं शहाणपण वेगळं असतं. आणि कोणी बुडताना दिसलं तर तुम्हाला पोहता येत असलं तरी उडी टाकू नका, बुडणारा माणूस मिठी मारतो आणि दोघं जातात. ओढणी, साडी, दोर, लांब काठी फेका, झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन फेका. तेवढा कॅन छातीशी धरला तर तोंड पाण्याबाहेर राहतं. तुमच्या भावांचा भोपळाच तो, प्लास्टिकचा.

वय. ४४ला शिकायला १३पेक्षा जास्त दिवस लागतात हे खरं आहे, एकवीस दिवसांच्या कोर्समध्ये तुम्हाला येईलच असं नाही आणि आलं नाही तर त्याचा अर्थ काहीही होत नाही, अजून एकवीस दिवस जायचं. मी तीन वेळा फी भरली. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, बऱ्याच तलावांवर फिटनेसचं सर्टिफिकेट लागतंच. कानाच्या पडद्याला भोक, दमा, फिट्स, हृदयाचं काही असेल तर स्पष्ट विचारा. गुडघे दुखत असतील तर उलट बरंच आहे, पाण्यात त्यांच्यावर फारसा भार येत नाही.

क्लास कुठला घ्यायचा तर पालिकेचे तलाव पण बघा, खासगी क्लबपेक्षा फी बरीच कमी असते आणि बायका आपल्यासारख्याच असतात. एप्रिल-मे मध्ये नका जाऊ, पोरांची नुसती गर्दी असते, शिकवणाऱ्याला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. शाळा सुरू झाल्या की जा. पैसे भरायच्या आधी एक दिवस नुसतं काठावर बसून बघा (बसायची सवय आहेच, या वेळी शिकवणाऱ्याकडे बघा) आणि दोन गोष्टी विचारा. तुम्ही नवीन बायकांबरोबर पाण्यात उतरता का, की वरून शिट्टी वाजवून सांगता? आणि आडवं झाल्यावर उभं कसं राहायचं हे वेगळं शिकवता का? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला तर पुढचा तलाव बघा. आणि पहिल्याच दिवशी सांगून टाका की मी एकदा बुडता बुडता वाचलेय, मला न सांगता हात लावायचा नाही आणि ढकलायचं तर अजिबात नाही. हे सांगायला संकोच वाटेल, पण सांगा, चांगल्या शिकवणाऱ्याला हे कळलं तर त्याचंच काम सोपं होतं.

तलाव सापडेपर्यंत घरी एक करा. बादली काठोकाठ भरा, बाथरूममध्ये स्टुलावर ठेवा, म्हणजे कंबरेत जास्त वाकावं लागत नाही. दोन्ही हातांनी बादलीचा काठ धरा. तोंडाने श्वास, ओठ बंद, चेहरा पाण्यात, आणि हूं. पहिल्या दिवशी नाकाच्या शेंड्यापर्यंत जमलं तरी चालेल. छातीत गच्च झालं तर चेहरा वर काढा, पाय जमिनीवरच आहेत तुमचे, जरा थांबा, परत. मनात आकडे मोजा, दहापर्यंत हूं टिकलं की तुम्ही तलावात जायला तयार. उद्या सकाळी सगळे बाहेर पडले की करून बघा आणि पहिल्या दिवशी कितीपर्यंत मोजून झालं ते मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.